फिलिपिनो टी-शर्टचा स्टॉल लावायचाय? आधी लोलाला दाखवा

मी मराठी, नवरा फिलिपिनो, आणि राहतो आम्ही डेली सिटीत, सॅन फ्रान्सिस्कोला अगदी खेटून. इथे किराणा आणायला गेलं तरी मागून पुढून तागालोग (फिलिपिन्सची मुख्य भाषा) कानावर पडत असतं. नणंद आणि मी मिळून वीकेंडला कम्युनिटी मार्केटमध्ये फिलिपिनो थीमचे टी-शर्ट, हुडी, टोप्या विकतो. दोघींचे जॉब आहेत, हा साइड बिझनेस, पण टाइमपास नाही, वर्षाच्या शेवटी हिशोब लागतो. बऱ्याच जणी विचारतात कसं सुरू करू म्हणून जे जे आपटून शिकलो ते लिहून काढतेय, क्रम मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ डिझाइनला द्या. मशीन, तंबू, इन्स्टा पेज हे सगळं नंतर. आमच्या घरी नियम आहे की सासूबाईंनी, म्हणजे मुलांच्या लोलाने (आजीने), बघितल्याशिवाय एकही डिझाइन छापायचं नाही. हा नियम आधी नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही बाहीवर छोटासा झेंडा टाकायचं ठरवलं, मी रात्री दीड वाजता गॅरेजमध्ये हीट प्रेसवर (गरम दाबून छाप उठवायचं मशीन) एकटीच बसले होते, आणि काही टी-शर्ट मी गळा माझ्याकडे करून ठेवले आणि काही उलटे, बाहीच ती, दोन्हीकडून सारखीच दिसते. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर एक आजोबा आले, नेव्हीची टोपी घातलेले, टी-शर्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "माय ग्येरा बा?" म्हणजे युद्ध लागलंय का? फिलिपिन्सच्या झेंड्यात निळा पट्टा वर असला की शांतता आणि लाल वर असला की देश युद्धात, हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. मी लाल वर छापला होता. चौदा पीस. नणंदेने एक शब्द न बोलता सगळे गोळा करून टेबलाखाली सरकवले आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्यात अजून एक भानगड. १९९८ चा रिपब्लिक ॲक्ट ८४९१ नावाचा तिकडे झेंड्याचा कायदा आहे, त्यात झेंडा कपडा म्हणून घालायला आणि विकायच्या वस्तूंवर छापायलाच बंदी आहे. हा कायदा फिलिपिन्सचा, कॅलिफोर्नियात तो लागू नाही आणि इथे प्रत्येक मार्केटमध्ये झेंड्याचा कपडा दिसतोच, पण जुन्या पिढीतल्या लोकांना ते खटकतं आणि ते तोंडावर बोलून दाखवतात. तेव्हापासून आम्ही अख्खा झेंडा वापरत नाही. नुसता आठ किरणांचा सूर्य किंवा तीन तारे घ्या (लुझोन, विसायास, मिंदानाओ हे देशाचे तीन भाग), ओळख तेवढीच पटते आणि कोणी ओरडत नाही. फक्त किरण आठच काढा प्लीज, फुकटच्या क्लिपआर्टमध्ये बारा सोळा काहीही असतात.

विकलं काय जातं? नकाशा, नारळाचं झाड आणि 'माबुहाय' (स्वागत असो) लिहिलेले टी-शर्ट एअरपोर्टवर मिळतात, ते घ्यायला कोणी कम्युनिटी मार्केटमध्ये येत नाही. जातं ते घरातलं. आमचा आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला टी-शर्ट ताबोचा आहे. ताबो म्हणजे चक्क बाथरूममधला मग, दांड्याचा, प्लास्टिकचा. मी पहिल्यांदा सासरी तो पाहिला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि इथे अमेरिकेत जन्मलेली पंचविशीतली पोरं तो टी-शर्ट बघून अशी खिदळतात की एकाने घेतला की ग्रुपमधले चारही घेतात. तसंच वालिस ताम्बो, तो मऊ गवताचा झाडू. त्सिनेलास म्हणजे चप्पल, आईने फेकून मारायची, हे तर आपल्यालाही सांगायला नको. बालिकबायन बॉक्स (परदेशातून घरच्यांना वस्तू भरून पाठवायचा खोका), जीपनी (तिथली रंगीत सवारी गाडी), पारोल (ख्रिसमसचा चांदणीचा आकाशकंदील). तितो (काका), तिता (मावशी), कुया (दादा), आते (ताई) अशा नात्यांच्या टोप्या बारा महिने जातात कारण त्या गिफ्ट म्हणून घेता येतात. आणि नर्स! इथे प्रत्येक फिलिपिनो घरात निदान एक नर्स असते, त्यांच्यासाठी पुढे चेन असलेली हुडी ठेवा, डोक्यातून घालायची ठेवू नका, स्क्रबवर (हॉस्पिटलच्या ड्रेसवर) घालता काढता आली पाहिजे. हे आम्हाला एका तिताने उभं राहून दहा मिनिटं समजावलं होतं आणि तिचं बरोबर होतं.

भाषेत मात्र फार जपा. फिलिपिनो म्हणजे सगळे तागालोगच बोलतात असं नाही. कॅलिफोर्नियात इलोकानो बरेच, बिसाया आहेत, कापाम्पांगान आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी. 'लांगगाम' हा शब्द तागालोगमध्ये मुंगी आणि सेबुआनोमध्ये (बिसाया लोकांची एक भाषा) पक्षी, आता काढा चित्र. उलट इलोकानोत 'अग्यामानाक' म्हणजे थँक्यू एवढंच लिहिलेला साधा टी-शर्ट आम्ही घाबरत घाबरत बारा पीस केला, कारण बाकी कोणी इलोकानो करतच नव्हतं, आणि म्हातारी माणसं ते वाचून अक्षरशः थांबतात, हात लावून बघतात. 'माहाल' शब्दाची तर गंमतच आहे, त्याचा अर्थ प्रिय असाही आणि महाग असाही. माहाल लिहिलेला टी-शर्ट उचलून किंमत बघून "माहाल!" म्हणणारे दर मार्केटला किमान सहा जण भेटतात आणि प्रत्येकाला वाटतं हा जोक आपणच पहिल्यांदा केला. हसायचं.

बायबायिन ही तिथली जुनी लिपी सध्या जोरात आहे, टॅटू, टोप्या, सगळीकडे. इथे मराठी माणूस जरा पुढे असतो बरं का, कारण ती आपल्या बाराखडीची लांबची चुलतबहीण आहे. तीन स्वर, चौदा व्यंजनं, प्रत्येक व्यंजनात 'अ' धरलेलाच, वर खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ, त्या खुणेला कुदलित म्हणतात. पाय मोडलेलं अक्षर लिहायची सोय मुळात नव्हती, ती क्रॉससारखी खूण १६२० च्या सुमारास एका स्पॅनिश पाद्र्याने आणली. आता होतं काय, लोक फुकटचा फॉन्ट डाउनलोड करतात आणि इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं टाइप करतात. आम्हाला एकदा बाहेरून डिझाइन करून आलं, शब्द होता 'अनाक', म्हणजे लेकरू. फाइलमध्ये अक्षरं होती चार, अ, न, परत अ, आणि क. नणंदेला सुंदर दिसलं, मला एकदम खटकलं, अरे हे 'अनअक' झालंय! तीन अक्षरं पाहिजेत, अ, न आणि पाय मोडलेला क. साठ पीसची ऑर्डर जाणार होती. तेव्हापासून बायबायिन तपासायचं काम माझ्याकडे आणि बाकी सगळी भाषा लोलाकडे.

काही गोष्टींना हातच लावू नका. तनालाक हे मिंदानाओतल्या त्बोली जमातीच्या बायकांचं अबाकाच्या (केळीच्या जातीतलं झाड) धाग्याचं विणकाम, नक्षी स्वप्नात येते असं त्या मानतात आणि त्या कापडावर पाय देणंही चालत नाही. त्याचा फोटो काढून लेगिंगवर छापणारे लोक आहेत. तुम्ही नका करू. विणलेलं पाहिजेच असेल तर विणकरांकडून खरं कापड घ्या, इलोकोसचं इनाबेल तुलनेने सहज मिळतं, त्याचा खिसा टी-शर्टला लावा आणि विणकराचं गाव टॅगवर लिहा, दर जास्त लावला तरी लोक देतात. बारोंगसारखं (पुरुषांचा समारंभाचा पातळ सदरा) कशिदाकाम टी-शर्टच्या छातीवर छापणं त्यामानाने निरुपद्रवी, लग्नाला जाणारे चेष्टेत घेतात. आणि ब्रँडचे लोगो, जॉलिबी या तिथल्या फास्टफूडवाल्यांची मधमाशी वगैरे, थोडंसं बदलून पण नको, ट्रेडमार्क आहे, वकिलाचं पत्र आलं की सगळा सीझन त्यात जातो. प्रसिद्ध बॉक्सरचा चेहरा सुद्धा नको, कॅलिफोर्नियात माणसाचा चेहरा परवानगीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे.

छपाईचं थोडक्यात. सुरुवातीला डीटीएफ. म्हणजे दुकानातून फिल्मवर प्रिंट मागवायचे आणि घरी हीट प्रेसने लावायचे, त्यामुळे साइजचा स्टॉक अडकत नाही, मार्केटच्या आदल्या दिवशी जे संपलंय तेवढंच लावता येतं. एखादं डिझाइन तीन मार्केट सलग चाललं की मग ते स्क्रीन प्रिंटला द्या, हाताला छान लागतं, स्वस्त पडतं, पण तिथे प्रत्येक रंगाचा सेटअप चार्ज असतो आणि कमीत कमी पीसची अट असते. पहिल्या मार्केटला चार डिझाइन, काळा आणि क्रीम दोनच रंग, बस्स. आम्ही अकरा डिझाइन नेली होती आणि प्रत्येकाचा मीडियम दुपारी दोनला संपला होता. साइजबद्दल गैरसमज असा की फिलिपिनो लोक बारीक, स्मॉल भरून ठेवा. तिता लोकांना स्मॉल मीडियम लागतो खरा, पण इथे वाढलेली मुलं एक्सएल आणि २एक्सएल घेतात, शिवाय हल्ली सगळ्यांना सैलच पाहिजे. डझनात आम्ही दोन स्मॉल, तीन मीडियम, तीन लार्ज, दोन एक्सएल, एक २एक्सएल आणि एक ३एक्सएल घेतो.

लहान मुलांच्या कपड्यांच्या मोहात पहिल्या वर्षी पडू नका. एवढुशा झबल्यावर 'बुन्सो' (शेंडेफळ) लिहिलेलं फार गोड दिसतं मान्य आहे, पण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना अमेरिकेत टेस्टिंगचे आणि लेबलचे वेगळे नियम आहेत, ते वाचून मगच. मोठ्यांच्या कपड्यांनाही लेबल लागतं, कापड कशाचं, कुठल्या देशात बनलं, धुवायचं कसं. कोरा टी-शर्ट विकत घेऊन त्याचं गळ्यातलं लेबल कापून आपलं लावणार असाल तर ही सगळी माहिती आपल्या लेबलवर आली पाहिजे. नुसतं आपलं नाव कर्सिव्हमध्ये लिहून भागत नाही.

कागदपत्रं कॅलिफोर्नियाची सांगते, बाकी राज्यांचं त्या त्या राज्यात बघा. सेलर्स परमिट सीडीटीएफए या स्टेटच्या टॅक्स खात्याकडून ऑनलाइन निघतं, फी नाही. एखाददुसरंच मार्केट करायचं असेल तर टेम्पररीही मिळतं. ते हातात आलं की रीसेल सर्टिफिकेट देऊन कोरे टी-शर्ट टॅक्स न भरता घेता येतात, हे आम्हाला आठ महिने माहीत नव्हतं, असो. धंद्याच्या नावात तुमचं आडनाव नसेल तर काउंटीत फिक्टिशस बिझनेस नेम नोंदवायचं आणि ते चार आठवडे पेपरात छापून आणायचं, हो, अजूनही पेपरात. शहराचं बिझनेस लायसन्स वेगळं. मार्केटवाले इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागतात, साधारण दहा लाख डॉलरची लायबिलिटी, आणि त्यात त्यांचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून घालून. घाबरू नका, छोट्या विक्रेत्यांसाठी एका दिवसाची किंवा वर्षाची पॉलिसी असते.

सेल्स टॅक्स राज्याचा ७.२५ टक्के आणि वर लोकल, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास) बहुतेक ठिकाणी लोकल लागतोच. मार्केट ज्या शहरात त्या शहराचा रेट लावायचा, तुमच्या घरचा नाही. आम्ही किंमत टॅक्स धरूनच ठेवतो, तीस डॉलर म्हणजे तीस, आणि तशी पाटी लावतो, पाटी लावणं गरजेचं आहे. नाहीतर रांग लागलेली असताना बत्तीस डॉलर एकोणसाठ सेंट अशी सुट्ट्यांची कुस्ती होते.

आता गणित. कोरा टी-शर्ट पाच, प्रिंट चार, टॅग पिशवी वगैरे एक, झाले दहा डॉलर. तीसमधले अडीच तीन टॅक्सचे, एक कार्डवाल्याचा, हातात राहतात सोळा साडेसोळा. स्टॉलचं भाडं समजा दोनशे आणि पुलाचा टोल, पार्किंग, जेवण चाळीस, तर पंधरावा टी-शर्ट जाईपर्यंत तुम्ही फुकट उभ्या आहात. मार्केट निवडताना हा आकडा डोक्यात ठेवा, भाडं कमी म्हणून चर्चच्या पार्किंगमधल्या रिकाम्या मार्केटला जाण्यापेक्षा जास्त भाड्याचं गर्दीचं परवडतं. पण उलटंही होतं, प्रचंड गर्दी आणि सगळी फक्त खायला आलेली! अर्ज करायच्या आधी एकदा नुसतं फिरून या आणि लोकांच्या हातात काय आहे ते मोजा, पिशव्या आहेत की नुसत्या लुम्पियाच्या (तळलेले रोल) प्लेटी.

वर्षाचं कॅलेंडर साधारण असं, १२ जून स्वातंत्र्यदिन, ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत येर्बा बुएना गार्डन्सला पिस्ताहान हा फिलिपिनो महोत्सव, ऑक्टोबर अख्खा फिलिपिनो अमेरिकन हिस्टरी मंथ, कारण १८ ऑक्टोबर १५८७ ला कॅलिफोर्नियातल्या मोरो बेला स्पॅनिश जहाजातून पहिले फिलिपिनो उतरले होते. ऑक्टोबरमध्ये कॉलेजांचे, ऑफिसांचे, हॉस्पिटलांचे छोटे छोटे कार्यक्रम निघतात, ते सोडू नका, स्टॉलवाले दोनतीनच असतात. आणि ख्रिसमस १ सप्टेंबरला सुरू होतो, हे मी चेष्टेत म्हणत नाहीये, 'बर' ने संपणारे महिने लागले की यांच्याकडे पारोल लागतात. डिसेंबरमध्ये पारोलची हुडी आणली तर उशीर झालेला असतो, आम्ही पहिल्या वर्षी केलंय हे, ऑगस्टमध्ये छापून तयार पाहिजे. हवेचा अंदाज लावा. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्टमध्ये चार वाजता धुकं खाली आलं की हाफ बाहीत आलेले सगळे कुडकुडत हुडी शोधतात, त्याच दिवशी आतल्या भागातल्या, तापलेल्या स्टॉकटनला मात्र टोपीशिवाय काही खपणार नाही.

स्टॉलचा तंबू दहा बाय दहा फुटांचा, त्यावर आग न पकडण्याचं लेबल असलेलाच घ्या, फायर इन्स्पेक्टर खरंच बघतो. प्रत्येक पायाला चाळीस पौंडांचं वजन, पाण्याच्या कॅनवर भागवू नका, आमच्या बाजूचा तंबू एकदा उडून थेट टाहोच्या (टोफूची गोड खीर) गाडीवर गेला. जागा मिळाल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, बाजूला कोण आहे? बार्बेक्यू असेल तर हात जोडून जागा बदलून मागा. आम्ही एक दिवस धुराच्या वाटेवर काढला, घरी आल्यावर साठ टी-शर्टना डुकराच्या सळईचा वास, दोन दिवस अंगणात वाळत घातले तरी जाईना. आणि ओल्या वाइप्सचं पाकीट टेबलाच्या पुढच्या बाजूला ठेवा, कारण प्रत्येकाच्या हातात ऊबेचं (जांभळा कंद) आइस्क्रीम असतं आणि ऊबेचा जांभळा डाग क्रीम टी-शर्टवरून निघत नाही. क्रीमचे सॅम्पल आम्ही वरच लटकवतो, हात पोचणार नाही असे.

प्रत्येक डिझाइनचा एकच पीस डोळ्यांच्या उंचीवर लटकवायचा, बाकी माल टेबलाखाली डब्यांमध्ये साइजप्रमाणे. आरसा आणा. कपडे बदलायला जागा नसते म्हणून लोक टी-शर्ट दुसऱ्याच्या पाठीला लावून बघतात, बायका नवऱ्याला उभं करून मुलाचं माप घेतात, त्याला वेळ द्या. रिटर्न घेणार नसाल, फक्त साइज बदलून देणार असाल, तर तसं ठळक लिहून लावा, इथला कायदाच आहे तो. सुट्टे पैसे म्हणून एक आणि पाचच्या नोटा मिळून शंभर डॉलर. कार्डाचं मशीन, वेन्मो, आणि तिता लोकांसाठी झेल (दोन्ही फोनवरून पैसे द्यायच्या सोयी).

बोलणं कसं असावं यावर नणंदेचा हातखंडा आहे. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बुएना मानो, आपली भवानी अगदी! त्याला थोडं कमी करून द्यायचं आणि मिळालेली नोट बाकीच्या मालावरून फिरवायची, ती सगळ्या हँगरवरून टप टप टप करत नेते. मी आपली सवयीने कपाळाला लावते. समोरच्याला दोन्ही कळतं. मोठ्या माणसांशी बोलताना वाक्यात 'पो' पाहिजे, तागालोग मोडकंतोडकं असलं तरी चालतं, 'पो' विसरला की नाही चालत. घासाघीस होणारच, "वालांग तावाद?" म्हणजे काहीच कमी नाही का? तिथे तोंड वाकडं करायचं नाही आणि भावही पाडायचा नाही, कारण बाजूला उभी असलेली ऐकत असते. आम्ही भाव तोच ठेवून दागदाग देतो, वर काहीतरी, एक स्टिकर, आणि दोन घेतले तर पंचावन्न हे पाटीवरच लिहिलेलं असतं. स्टिकर पंधरा सेंटला पडतो. त्यावर जी तिता खूश होऊन जाते ती पुढच्या मार्केटला बहिणीला घेऊन येते, मग ती सुकी झाली, म्हणजे कायमचं गिऱ्हाईक, आणि सुकीचा साइज लक्षात ठेवायचा असतो.

तुम्ही फिलिपिनो नसाल तर लपवू नका. मला दर मार्केटला विचारतात, तू कुठली? मी सांगते भारतातली, सून आहे, आणि हे सगळं लोलाने पास केलंय. टेबलामागे खुर्चीत बसलेली लोला हात हलवते. घरात कोणी फिलिपिनो नसेल तर आधी एखादी पार्टनर शोधा जिला नफ्यात हिस्सा असेल, नुसतं तपासून दे म्हणून फुकट राबवू नका.

संध्याकाळी कितीही पाय दुखले तरी गाडी भरायच्या आधी वही लिहा. कुठलं डिझाइन, कुठला साइज, आणि एक रकाना 'विचारलं पण नव्हतं' चा. आमची नर्सची हुडी त्याच रकान्यातून आली. दोन सीझन पडून राहिलेला माल आम्ही बालिकबायन बॉक्समध्ये घालून फिलिपिन्समधल्या पांगासिनानला सासूबाईंच्या भावाकडे पाठवतो, तिथे सगळं गाव आमचं फसलेलं कलेक्शन घालून फिरतं. ते उलट्या झेंड्याचे चौदा मात्र पाठवता येत नाहीत. लादी पुसायला घेते म्हटलं तर लोला म्हणाली झेंड्याने लादी पुसणार? तेव्हापासून गॅरेजमध्ये वरच्या फळीवर पिशवीत तसेच आहेत.